देवघरातली वायफायची डबी

गोजरबाईंच्या घरी देव दुपारी निजत.

म्हणजे असं, की नैवेद्य दाखवून झाला, बाळकृष्णाच्या ओठांना तुळशीच्या पानानं पाणी लावलं, की त्या देव्हाऱ्याची दोन्ही कवाडं लोटून कडी घालत. ती कडी निघायची ती उन्हं कलल्यावर, चहाच्या वेळेला. सासूबाईंनी घालून दिलेला हा नेम. चातुर्मासापुरती गोजरबाईंनी त्यात आपली एक भर टाकली होती. देव निजलेले असेपर्यंत आपणही बोलायचं नाही. पाळण्यातलं लेकरू उठू नये म्हणून आई जशी पाऊल न वाजवता घरात वावरते, तशा त्या ती दुपार काढत. वाती वळत, तांदूळ निवडत, दारात कुणी आलंच तर हातानं खूण करत. जानेफळ गावात हे ज्याला त्याला ठाऊक होतं. भाजीवालीसुद्धा त्या वेळी त्यांच्या दारावरून मुकाट्यानं पुढे जाई.

देव्हारा भिंतीतच बसवलेला होता. सासऱ्यांनी जुन्या दगडमातीच्या जाड भिंतीत तो कोरून घेतला, वाळवी लागू नये म्हणून आतून जस्ती पत्रा ठोकला आणि कवाडं पितळेनं मढवली. पुढं गोजरबाईंच्या लेकानं, शिवमनं, समोर स्लॅबच्या खोल्या काढल्या, अंगणापलीकडे पत्र्याचं शेड टाकलं, पण ती भिंत कुणी हलवली नाही. शिवम बोअरच्या गाडीवर असतो. आज तेलंगणात, उद्या कर्नाटकात. लोकांच्या शेतात पाणी शोधत फिरणारा माणूस, घरी आला की पहिले झोपून घेतो. घर उभं राहिलं ते सुनेच्या, पुष्पांजलीच्या, हातावर. आणि तेही देवाच्या कपड्यांनी.

झालं होतं असं, की एका जन्माष्टमीला गोजरबाईंनी बाळकृष्णाचं अंगडं शिवायला घेतलं आणि डोळ्यांनी साथ दिली नाही. सुई ओवता ओवता दिवेलागण झाली. पुष्पांजलीनं ते हातातून काढून घेतलं.

"द्या इकडं आई. देवाले काय उघडं ठेवता यंदा?"

आणि काय सुरेख शिवलं! लाल खणाचं अंगडं, त्याला जरीचा काठ, इवलीशी टोपी, टोपीत मोरपीस. फोटो स्टेटसला लावला. मैत्रिणीनं मागितलं, मैत्रिणीच्या नणंदेनं मागितलं, मग नाशिकच्या एका दुकानवालीनं. आता शेडमध्ये गावातल्या चार-पाच बाया शिवणाला बसतात. गणपतीचे शेले, बालाजीचे पितांबर, राधेचा घागरा असं सगळं खोक्यात बसून दूरदूर जातं. जरीकामात समताचा हात धरणारं कुणी नाही. ती आपल्या घरच्या बुद्धमूर्तीपुढं दिवा लावून कामाला येते आणि कृष्णाच्या टोपीला टिकली लावताना सुई अशी धरते, की जणू डोळ्यात काजळ घालते आहे.

या धंद्याचं एक अवघड असं, की तो व्हिडिओ कॉलवर चालतो. गिऱ्हाईक आपली मूर्ती फोनसमोर धरतं, पुष्पांजली माप काढायला सांगते, मग इकडून कापड दाखवते. हळदीचा पिवळा वेगळा, केशरी झाक असलेला पिवळा वेगळा. देवाच्या कपड्यात बाई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देत नाही. आणि सगळ्या बाया जेवणं उरकून दुपारीच मोकळ्या होतात. दुपारीच फोन. मोबाइलला रेंज म्हणावी तर जुन्या भिंतीत नाही आणि पत्र्याखालीही नाही. पुष्पांजली भर उन्हात गच्चीवर चढायची आणि सॅटिनचे तागे फोनपुढं हलवायची.

समोरची अन्नपूर्णाबाई एकदा खालून ओरडली, "काऊन वं, रेल्वेले झेंडी दाखवून राह्यली का? आपल्याकडं त गाडीच नाही येत!"

त्या श्रावणात पुष्पांजलीनं ठरवलं, की धंद्यासाठी पक्कं ब्रॉडबँड घ्यायचंच.

घेणार कुणाचं, हा प्रश्न होता. एक कंपनीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याची गच्चीवर बसणारी डिश होती. दुसरा गावातलाच प्रसेनजित, समताचा नवरा. त्यानं मेहकरहून खांबाखांबावरून काचेची तार गावात आणली होती आणि मोटरसायकलला शिडी बांधून घरोघर जोडण्या देत फिरायचा.

"मॅडम, आमचा बिझनेस प्लॅन आहे. दोनशेचा स्पीड," कंपनीचा माणूस म्हणाला.

"खाली येयाचा का वर जायाचा?" पुष्पांजलीनं विचारलं. "मले पिक्चर नाही पाह्यचा दादा. मले दाखवायचं हाय. इथून कापड तिकडं गेलं पाह्यजे."

माणूस भला होता, हसला. "वर जायचा कमी असतो मॅडम. पण तुमचं काम होऊन जाईल."

प्रसेनजित ओसरीच्या पायरीपाशी उभा होता. तो म्हणाला, "माहा आकडा लहान हाय वहिनी. पण जेवढा येते तेवढाच जाते. अन् तार तुटली त मी येतो, शिडी घेऊन."

"हाव, दुसऱ्याच्या घरी लवकर जाते हा," समता शेडमधून म्हणाली. "आमच्या घरचा पंखा दिवाळीपासून बंद हाय, त्याले नाही सापडत शिडी!"

बाया हसल्या. पुष्पांजलीनं दोन्ही जोडण्या महिनाभर लावून पाहायचं ठरवलं. जन्माष्टमीच्या गर्दीत जी टिकेल ती ठेवायची.

प्रसेनजितनं आपली डबी ओसरीवर, शेडकडच्या भिंतीला लावली. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. गोजरबाई जवळ येऊन बघत राहिल्या.

"ह्याच्यावरच सगळं चालते का वं?"

"हाव आई. आता आपलं पोट ह्या डबीवर."

हे वाक्य त्यांच्या मनात बसलं. ज्याच्यावर घराचं पोट, ते ओसरीवर चपलांच्या वर टांगलेलं बरं दिसतं का? त्यात दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि डबी मेली. इन्व्हर्टरचा प्लग होता तो देव्हाऱ्यात. देवापुढचा बल्ब विझू नये म्हणून शिवमनंच तो आत काढून दिला होता. प्रसेनजितनं तारेचं एक जास्तीचं वेटोळं ठेवलेलं होतं, ते पुरलं. गोजरबाईंनी हात धुतले, डबी पुसली, बाळकृष्णाच्या शेजारी खणाच्या तुकड्यावर ठेवली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि एक जास्वंद वाहिली.

पुष्पांजलीनं पाहिलं आणि तिला हसू आवरेना. पण दिवे तर लागले होते. "बरं केलं आई. लाइट गेली तरी चालू राहीन." पुढच्या आठवड्यात डिशची डबीही तिथंच आली. दोघी शेजारी शेजारी, नव्या जावा बसाव्या तशा.

सकाळी दोन्ही छान चालत. संध्याकाळीही चालत. आणि दुपारी, नेमकी कामाच्या वेळेला, दोन्ही मरत.

पहिल्यांदा वाटलं, आज काही झालं असेल. मग रोजच व्हायला लागलं. पुष्पांजली शेडमध्ये कापड उलगडून बसायची, गिऱ्हाइकाचा चेहरा तोंड उघडलेलाच थांबायचा, आवाज विहिरीतून यावा तसा यायचा आणि बंद. फोन घेऊन ती पुन्हा गच्चीवर धावायची. नाशिकची दुकानवाली एकदा म्हणाली, "ताई, काम तुमचं फार गोड आहे. पण माझं गिऱ्हाईक किती वेळ थांबणार? यंदा जमलं नाही तर मी इंदूरचं बघते." त्या दिवशी पुष्पांजली जेवली नाही.

कंपनीच्या नंबरवर फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुढं कुणी बोलायचं नाही.

प्रसेनजित मात्र आला. भर दुपारी खांबावर चढला, उतरला, फाटकापाशी तारेचं टोक आपल्या यंत्राला लावून पाहिलं. "तारेतला उजेड त बरोबर येऊन राह्यला," स्वतःशीच म्हणाला. मग ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. आत गोजरबाई वाती वळत बसल्या होत्या.

"माय, डबी इथून कुठं नेली?"

देव निजलेले होते. गोजरबाईंनी बोटानं आत, बंद देव्हाऱ्याकडे दाखवलं.

प्रसेनजितनं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. क्षणभर काही विचारावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "बरं," म्हणाला, यंत्र पिशवीत घातलं आणि गेला.

त्या घरात त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. पण आत ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे वडील शंकरराव कामानिमित्त येत, तेही पायरीपर्यंतच. सासूबाईंच्या काळी ती रीत होती आणि पुढं कुणी ती मोडली नाही, तिच्याविषयी कुणी बोललंही नाही. गोजरबाईंची वात त्या दिवशी वळता वळता सुटली. त्यांनी ती पुन्हा वळली.

शेवटी एका संध्याकाळी चहा घेताना पुष्पांजली म्हणाली, "आई, मी मेहकरात एक गाळा पाहून राह्यली."

गोजरबाईंनी कप खाली ठेवला.

"एकाची तार हाय, एकाची डिश हाय. दोन्ही दुपारीच मरतेत. मंग दोष त्याहीचा नाही, आपल्या गावातच काहीतरी हाय. मेहकरात माही मैत्रीण सारिका हाय, तिच्या पार्लरात दिवसभर नेट चालते. मी स्वतः बसून पाह्यलं. तुम्ही बी चला. छकुलीले तिकडंच शाळेत टाकू."

"मी कुठं येऊ बाई? दिवा हाय इथं." देव्हाऱ्यातला नंदादीप लग्न होऊन आल्यापासून त्यांनी विझू दिला नव्हता. "अन् समता, बाकीच्या बाया?"

"त्याहीचं कसं करू तेच सुचून नाही राह्यलं," पुष्पांजली म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले काय हौस हाय का आई? पण नाशिक गेलं त मागं काय राह्यते?"

पुष्पांजलीची लेक छकुली खाली बसून चिंध्यांची बाहुली नटवत होती. "आजी, तू नाही आली त मले गोष्ट कोण सांगन?" असं विचारून ती पुन्हा बाहुलीला टोपी घालायला लागली.

गोजरबाई उठून तुळशीपाशी गेल्या. सून वाईट बोलत नव्हती, यानंच जास्त दुखलं. भांडून कुणी गेलं तर रागावता येतं. हे घर असं हळूच रिकामं होणार होतं, सगळ्यांचं सगळं बरोबर असताना. मग चातुर्मास संपला तरी काय? ते मौन बारा महिने पाळावं लागेल, कारण बोलायला कुणी नसेल.

त्यांनी आपल्या परीनं जे करता येतं ते केलं. बाळकृष्णापुढं हात जोडले. "तुह्याच कपड्याचं काम हाय रे लेकरा. ह्या दोघींले सांभाळ." ह्या दोघी म्हणजे डब्या. दुपारच्या उकाड्यानं त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्या कवाडं आणखी घट्ट लावायला लागल्या आणि वरून एक जाडसर पडदाही सोडला.

त्या आठवड्यात नेट आणखीच बिघडलं.

पुष्पांजली गाळा पाहायला मेहकरला गेली तो सोमवार होता. गोजरबाईंचा श्रावणी उपास, पण देवांना नैवेद्य चुकत नाही. वरणभात, तूप, गुळाचा खडा असं ताट त्यांनी पुढं ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. शिवमनं दिलेला तो फोन. त्याचं रिचार्ज कधीच संपलेलं, घरातल्या वायफायवरच तो चालायचा. त्यांनी तो तांब्याला टेकवून उभा केला. फोनमध्ये पुष्पांजलीचा घामानं डबडबलेला चेहरा दिसला.

"आई, हे पाहा, हा गाळा. मालक इथंच उभे हायेत." तिनं फोन फिरवला. नवा चुना लावलेल्या भिंती, शटर, वर पंखा. "अन् हे पाहा, हा कोपरा. इथं तुमचा देव्हारा बसते. ईशान्य हाय, मी विचारून घेतलं. भिंतीतला नाही होत, पण लाकडाचा चांगला करून घेऊ. दिवा इथून तिथून झाकून नेऊ आपण. मी मांडीवर घेऊन बसन गाडीत, विझू नाही देत. खरंच सांगतो आई."

पोरगी भाड्याची जागा बघायला गेली होती आणि पहिले तिनं देवाचा कोपरा शोधला होता. त्यांना बोलायचं होतं, पण ऐकता ऐकता बाळकृष्णाला पाणी लावून झालं होतं, नेमाची वेळ झाली होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि सवयीनं कवाडं लोटली, कडी घातली, पडदा सोडला.

"मंग मी ह्याहीले हो म्हणून..." पुष्पांजली म्हणाली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला.

गोजरबाईंना एवढंच आठवलं, की बाळकृष्णाच्या अंगावर पांघरूण घालायचं राहिलं. श्रावणातली हवा. त्यांनी पडदा सारला, कडी काढली, एक कवाड उघडलं.

"...ऐकू येऊन राह्यलं का आई? आई?" पुष्पांजलीचा चेहरा हलला.

त्यांनी इवलीशी शाल देवाच्या खांद्यावर ओढली, कवाड लावलं. चेहरा थांबला.

हात कडीवरच राहिला. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग कवाडाकडे. हळूच, चोरून पाहावं तसं, कवाड किलकिलं केलं. सून बोलायला लागली. मिटलं. सून गप्प झाली. आत बाळकृष्ण होता, बालाजी होता, त्यांच्यामध्ये कुंकू लावलेल्या दोन डब्या होत्या, आणि चहूकडून पत्रा. वर पितळ. त्यावर त्यांनी स्वतः शिवलेला पडदा.

अगंबाई, असं त्यांच्या मनात आलं. रोज. रोज मी हे केलं.

त्यांनी दोन्ही कवाडं सताड उघडली. फोनमधून पुष्पांजलीचा आवाज आला, ती दुसऱ्या कुणाशी बोलत होती. "हाव काका, लावा कुलूप, चाबी द्या. घरच्याईचा फोन कटला वाटते. आमचं पक्कं समजा."

समोर देव. शाल पांघरलेला, नुकता निजलेला. गोजरबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"पुष्पे!" त्या म्हणाल्या. "थांब. हो म्हणू नको."



"आई?" पुष्पांजलीनं फोन तोंडाजवळ आणला. "तुम्ही बोलल्या? देव निजले ना?"

"नाही निजले. जागे हायेत. बाई, मीच त्याहीले रोज कोंडते, अन् त्याहीच्यासंगं तुले बी. हे पाहा." त्यांनी कवाड लावलं, उघडलं. "दिसलं का?"

"काय दिसलं? तुम्ही मधीच गेल्या अन् आल्या."

"तेच त! डब्या आत हायेत नं? कवाड लावलं का तू थांबते, उघडलं का बोलते. दोष गावात नाही वं माय. दोष माह्या कडीत हाय."

पुष्पांजलीला कळायला जरा वेळ लागला. मग ती हसायला लागली आणि हसता हसता गाळ्याच्या पायरीवर बसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काका, चाबी राहू द्या. आमचं देवघरात अडकलं होतं."

फोन ठेवून गोजरबाई अंगणात आल्या आणि शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या. शिलाई यंत्रं थांबली. चातुर्मासात त्या वेळेला त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"समता, प्रसेनजितले बोलव बापा. आताच."

तो आला, शिडीसकट. पायरीपाशी थांबला. "माय, आज बोलून राह्यल्या तुम्ही? तब्येत बरी हाय ना?"

"मोडला आज नेम. आत ये."

"सांगा ना इथूनच, मी पाहून..."

"इथून काय दिसन तुले? डबी आत हाय. ये."

प्रसेनजितनं चपला काढल्या. मग पायांकडे पाहिलं. "पाय धुऊ का?"

"चिखल हाय का पायाले?"

"नाही."

"मंग काऊन धुते? ये."

तो आत आला. जाड भिंतीतला गारवा अंगाला लागला. देव्हाऱ्यासमोर उभा राहून तो पाहत राहिला. नंदादीप, देव, आणि देवांच्या मध्ये त्याची हिरवे दिवे मिचकावणारी डबी, कपाळी कुंकू, पायाशी जास्वंद. त्याच्या ओठांच्या कडा हलल्या.

"माय, लोकं हिले टीव्हीच्या मागं धुळीत टाकून देतेत. एका घरी त उंदरानं कुरतडली होती. फूल वाह्यलेली पयल्यांदा पाह्यली."

"हास, हास. मले पत्र्याचं काय माहीत?"

"मले माहीत होतं," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर जरा ओशाळला. "म्हणजे, तवा वाटलं होतं. तुम्ही आत दाखवलं तवा."

"मंग बोलला काऊन नाही?"

तो तारेचं वेटोळं सोडवायला लागला. गोजरबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा आवाज मुळात हळू, तो आणखी हळू झाला.

"मी नुसतं बोट दाखवलं. ये म्हटलं नाही."

"जाऊ द्या माय. तुमचं मौन होतं."

"मौन तोंडाचं होतं रे. हाताचं नव्हतं."

प्रसेनजितनं वाकून प्लग पाहिला. मग म्हणाला, "इन्व्हर्टरची लाइन ह्याच प्लगवरून बाहेर काढतो. देवाचा बल्ब अन् डबी एकावरच चालतीन. भिंतीले बारीक भोक पाडा लागन. चालन का?"

"पाड," गोजरबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पुष्पांजली मेहकरहून परतली, तेव्हा दोन्ही डब्या ओसरीच्या भिंतीवर उंच बसल्या होत्या. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकवलं. गोजरबाईंनी तिच्या केसांतला प्रवासाचा धुरळा झटकला.

मग दुपारीही दोन्ही जोडण्या नीट चालायला लागल्या, आणि निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नाशिकच्या दुकानवालीनं एका बैठकीत जन्माष्टमीचे सगळे पोशाख पसंत केले. महिना संपत आला तेव्हा पुष्पांजलीनं प्रसेनजितलाच विचारलं, "खरं सांगा भाऊ. कोणतं ठेवू?"

"खरं सांगू? पुढं कारखाना मोठा झाला त त्याहीचा प्लॅन मोठा हाय. पाऊस-वारा जोरात असला त डिश कुरकुर करते. माही तार फांदी पडली का तुटते. दोन्हीत खोट हाय."

"अरे देवा," समतानं कपाळाला हात लावला. "ऐका याचं! दुकानदार सवताच्या दुकानाले कुलूप लावून राह्यला!"

"वेगाचं मी पाह्यलं," पुष्पांजली म्हणाली. "वर जाताना कापडाचा रंग तुमच्या तारेवर जास्त साफ दिसते, नाशिकच्या ताईच म्हणाल्या. अन् जवा दोन्ही बंद होते, तवा एकानं मले सांगितलं तुमचा कॉल महत्त्वाचा हाय, अन् एक उन्हात खांबावर चढला. दोष त्याचा नव्हता तरी चढला. मले धंदा करायचा हाय भाऊ. तार तुटन त तुटन. तुटल्यावर येणारं माणूस पाह्यजे."

डिश परत गेली.

गोजरबाईंनी मोडलेल्या मौनाबद्दल देवाची क्षमा मागितली आणि कार्तिकीनंतर एक दुपार जास्तीची गप्प राहायचं कबूल केलं. बाकी नेम होता तसाच चालू राहिला. नैवेद्य, तुळशीचं पाणी, शाल, मग कवाडं. पडदा मात्र काढून टाकला. आता देव्हाऱ्यात फक्त देवच निजत होते.

भाद्रपदाच्या तोंडावर एका दुपारी वारा सुटला, रस्त्यावरच्या निंबाची फांदी मोडली आणि तार तुटली. शेडमधून पुष्पांजलीचा फोन गेला आणि चहा उकळायच्या आत मोटरसायकल फाटकाशी आली. प्रसेनजित खांबावर चढला, तार जोडली, उतरला. हात पुसत ओसरीपाशी आला.

"झालं माय. पाहून घ्या म्हना वहिनीले."

देव निजलेले होते. गोजरबाई उठल्या. आतल्या खोलीत, देव्हाऱ्यासमोरच्या गार फरशीवर त्यांनी एक पाट मांडला, त्यावर चादरीची घडी टाकली. चहाचा कप पाटाशेजारी ठेवला. मग दारात आल्या आणि पूर्ण हात पसरून, पाव्हण्याला बोलवावं तसं, त्याला आत बोलावलं.

त्यानं चपला पायरीखाली सोडल्या आणि आत येऊन पाटावर बसला.

"निजले का?" त्यानं बंद कवाडांकडे पाहत अगदी हळू विचारलं.

गोजरबाईंनी मान हलवली. तो फुंकर न मारता, आवाज न करता चहा प्यायला लागला. अंगणापलीकडून, वाऱ्यानं झडझडणाऱ्या पत्र्याखालून, पुष्पांजलीचा आवाज मोकळा येत होता.

"हा पाहा ताई, हा पिवळा. नाही, उजेडात धरतो, थांबा... आता? आता दिसला?"